चोर सोडून संन्याशाला

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ताप आहे. काल उजवा गुडघा सुजला होता, आज तो उतरला आणि डावा घोटा धरला. डॉक्टर सांधे दाबून बघतात, छातीवर नळी बराच वेळ टेकवून ठेवतात आणि मग आईला विचारतात, "दोन-तीन आठवड्यांपूर्वी याचा घसा दुखत होता का हो?" आईला वाटतं, यांचं लक्षच नाही, मी गुडघ्याचं सांगतेय आणि हे घशाचं विचारताहेत. तरी ती आठवून बघते. बहुधा आठवत नाहीच. घसा दुखणं ही काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे? मिठाच्या गुळण्या केल्या, हळद घालून दूध दिलं, तिसऱ्या दिवशी पोरगं शाळेत गेलं.

हे पुस्तक त्या विसरलेल्या दोन-तीन आठवड्यांविषयी आहे.

मुलाच्या गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासलं तर त्यात एकही जिवाणू सापडत नाही. रक्तात सापडत नाही. घशातही पुष्कळदा सापडत नाही, कारण तो येऊन गेलेला असतो. सापडतात ते त्याच्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. लॅबच्या कागदावर 'एएसओ टायटर' म्हणून जो आकडा येतो तो त्यातलाच एक. शत्रू गेला, फौज राहिली, आणि आता ती गावावरच चालून आली आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत संन्याशाला फाशी होते ती त्याने काही केलं म्हणून नव्हे. फास चोराच्या मानेला सैल पडतो आणि संन्याशाच्या मानेला बरोबर बसतो, एवढाच त्याचा अपराध. प्रतिपिंडाचा न्याय याहून वेगळा नाही. तो माप बघतो. कुणाचं माप, हे बघत नाही.

लेखिकेने हस्तलिखित माझ्या हाती दिलं तेव्हा त्यात जागोजागी 'रेण्वीय नक्कल' असा शब्द होता, म्हणजे जंतूचा एखादा रेणू आपल्या शरीरातल्या रेणूसारखा असणं. मी हरकत घेतली. नक्कल म्हटली की नकलाकार आला, त्याचा हेतू आला. दारात फौजदाराचा वेष करून बहुरूपी उभा राहतो तेव्हा तो काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि आपल्यालाही. घशातल्या जिवाणूला आपल्या हृदयातलं प्रथिन कसं दिसतं हे ठाऊक असायचं काही कारण नाही. 'साम्य' म्हणा, मी सुचवलं. तिने ऐकून घेतलं आणि शब्द तसाच ठेवला. तिचा मुद्दा असा की १९६४ साली रेमंड डेमियन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही संज्ञा घडवली तेव्हा त्याच्या डोक्यात सोंगच होतं. तो परोपजीवींबद्दल लिहीत होता. यजमानाच्या अंगातल्या रेणूंसारखे रेणू परोपजीवीच्या अंगावर असले की यजमानाला तो परका वाटत नाही, आणि तो आत सुखाने नांदतो. म्हणजे मूळ कल्पनेत नकलेचं फळ शांतता हे होतं, लढाई नव्हे.

तीच कल्पना उलटी करून बघायला आणखी वीसेक वर्षं गेली. कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन आणि रॉबर्ट फुजिनामी यांनी १९८३ मध्ये दाखवलं की गोवराच्या विषाणूतल्या एका प्रथिनाला चिकटणारा प्रतिपिंड माणसाच्या पेशीतल्या धाग्यांनाही चिकटतो. दोनच वर्षांनी त्यांनी कॉम्प्युटरवर प्रथिनांच्या अक्षरमाळा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. हेपटायटिस बी विषाणूच्या एका प्रथिनात आणि मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन नावाच्या आवरणातल्या एका प्रथिनात सहा मणी त्याच क्रमाने आले होते. विषाणूच्या प्रथिनाचा तेवढा तुकडा त्यांनी सशांना टोचला. काही सशांच्या मेंदूत दाह दिसला. सशांना कावीळ झाली नव्हती, विषाणू त्यांच्या अंगात गेलाच नव्हता. गेला होता तो काही मण्यांचा तुकडा.

यातलं आश्चर्य कळायला थोडं मागं जावं लागतं. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असा शब्दप्रयोग केला होता. शरीर स्वतःवर विष उगाळत नाही, त्याला त्याचा धसका असतो, असा त्याचा आशय. शरीर असं करूच शकत नाही, असा अर्थ लोकांनी काढला, आणि निम्मं शतक तरी बहुतेकांनी त्यावर विसंबून काढलं. पुढे उलगडत गेलं की आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे टी-पेशींची परीक्षा होते, आणि स्वतःच्या प्रथिनांवर उठणाऱ्या पेशी तिथेच बाद होतात. बहुतेक बाद होतात. काही निसटतात. निसटलेल्या पेशी आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आहेत, माझ्या आणि तुमच्याही. त्या जन्मभर झोपून राहतात. प्रश्न इतकाच असतो की त्यांना कोण उठवतं.

उठवणाऱ्यांपैकी ज्याचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागतं तो म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, घशातला तो जिवाणू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड या बाईंनी जवळजवळ सगळं आयुष्य या एका जिवाणूच्या कुळात घालवलं. त्याचे गट पाडले, गटांत प्रकार पाडले, आणि प्रकार ठरतो तो त्याच्या अंगावर केसांसारख्या उभ्या असलेल्या 'एम' प्रथिनावरून, हे दाखवून दिलं. आज अशा प्रकारांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. एम प्रथिन ही जिवाणूची ढाल आहे. ते असलं की पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही, त्याच्यावर प्रतिपिंड बसला की गिळता येतो. तेव्हा शरीराने एम प्रथिनावर नेम धरावा यात चूक काहीच नाही. धरावा तिथेच धरला आहे.

गोम आहे ती ढालीच्या घडणीत. एम प्रथिन म्हणजे दोन पदर एकमेकांभोवती वळलेली लांब दोरी. दर सात मण्यांनी विशिष्ट जातीचे मणी येतात, म्हणून पीळ घट्ट बसतो. दोरी वळायची ही रीत निसर्गात फार जुनी आहे आणि फार ठिकाणी आहे. आपल्या स्नायूंतलं मायोसिन असंच वळलेलं आहे. ट्रोपोमायोसिन तसंच. त्वचेतलं केराटिन आणि पेशींच्या पायाशी असणारं लॅमिनिन यांतही तोच पीळ आहे. जिवाणूने आपल्याकडून काही चोरलं असं म्हणण्यापेक्षा दोघांनी एकाच जुन्या पद्धतीने सुंभ वळला असं म्हणणं मला जास्त पटतं. १९६० च्या दशकाच्या आरंभी मेल्विन कॅप्लन यांनी दाखवलं की ऱ्हुमॅटिक तापाच्या, म्हणजे आरंभीच्या त्या मुलाला झालेल्या आजाराच्या, रुग्णांच्या रक्तातले प्रतिपिंड हृदयाच्या ऊतींना चिकटतात. त्यानंतर मॅडलिन कनिंगहॅम यांच्यासारख्या संशोधकांनी एकेक धागा सोडवत नेला. एम प्रथिनाबरोबर जिवाणूच्या भिंतीतली एक शर्कराही त्यात गुंतलेली निघाली. आधी प्रतिपिंड हृदयातल्या झडपेच्या अस्तराला चिकटतात, अस्तर सुजतं, चिकट होतं, मग त्यातून टी-पेशी आत शिरतात, आणि जिथे मुळात रक्तवाहिन्याही नसतात त्या पातळ पडद्यात व्रण भरायला लागतात. व्रण भरताना झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. सांधे मात्र पंधरा दिवसांत असे बरे होतात की मागे खूणही राहत नाही.

मेंदूचं तर आणखी विचित्र आहे. काही मुलांना सांधेदुखीऐवजी, किंवा ती संपल्यावर काही महिन्यांनी, हातापायांचे झटके सुरू होतात. हातातला कप पडतो, अक्षर बिघडतं, तोंड वेडंवाकडं होतं. शाळेत मार बसतो, घरी चेष्टा होते. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच याचं वर्णन करून ठेवलं आहे. आज या मुलांच्या रक्तात सापडतात ते मेंदूतल्या चेतापेशींना चिकटणारे प्रतिपिंड, आणि तेच जिवाणूच्या शर्करेलाही चिकटतात. अक्षर बिघडण्याचं कारण घशात, हे कुठल्या गुरुजींच्या ध्यानात येणार?

इथे मला आमच्या चाळीतली एक ताई आठवते. सत्तरच्या दशकातली गिरगावातली चाळ. दहा बाय बाराची खोली, तीत सात माणसं, रात्री पाय पसरले की कुणाच्या तरी अंगाला लागायचे. ताई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. दोन जिने चढली की मधल्या पायरीवर बसायची, ओठ निळसर व्हायचे. 'हिचा व्हॉल्व्ह खराब आहे' एवढंच आम्हा पोरांना माहीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांत झडप अरुंद होण्याचा हा आजार तापानंतर दोन-तीन दशकांनी, चाळिशीतल्या बायकांत दिसतो असं लिहिलेलं असे. दिल्लीच्या सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की आमच्याकडे तो विशीच्या आतच दिसतो. त्या निबंधाचा विषयच भारतातल्या मुलामुलींची अरुंद झालेली झडप हा होता. जिवाणू तोच, प्रथिन तेच, हृदयही तेच. मग वीस वर्षांचं काम इथे पाच वर्षांत का उरकतं? कारण घसा इथे पुन्हा पुन्हा बिघडतो. एका खोलीत सात जणांचा श्वास एकमेकांत मिसळतो, झडपेवरचा व्रण भरत आलेला असतानाच त्यावर पुन्हा घाव बसतो.

रेणूंच्या सारखेपणावरची पुस्तकं वाचताना माझी नेहमीची तक्रार ही असते की त्यांत रेणू असतात आणि खोली नसते. पाश्चात्त्य देशांत हा ताप पेनिसिलिन येण्याच्या आधीच ओसरायला लागला होता, कारण माणसं सुट्या, हवेशीर घरांत राहायला लागली होती. या पुस्तकात खोली आहे. त्यासाठी मी लेखिकेचे शंभर शब्ददोष माफ केले, 'नक्कल' धरून.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर दुसऱ्या महायुद्धानंतर घशाच्या साथी चालत. तिथल्या डॉक्टरांनी १९५० मध्ये दाखवलं की घसा दुखत असतानाच पेनिसिलिन दिलं तर पुढचा ताप टळतो. उपचार न मिळालेल्या जवानांपैकी शंभरातल्या सुमारे तिघांना तो होत होता. मला यातला 'तीन' हा आकडा फार बोलका वाटतो. शंभरांच्या घशात एम प्रथिन गेलं होतं. शंभरांच्या हृदयात तेच मायोसिन होतं. म्हणजे सारखेपणा शंभरांतही होता. सत्याण्णव जणांच्या शरीराने तो पाहिला आणि सोडून दिला. उरलेल्या तिघांत काय वेगळं होतं? थोडी आनुवंशिकता, थोडा जिवाणूच्या प्रकाराचा भाग, थोडा आधी किती वेळा घसा बिघडला होता त्याचा हिशेब. साम्य ही काडी आहे, पण ती पडते तिथे वाळलेलं गवत असावं लागतं.

आणि हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरणही वादातीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. भारतीय हृदयरोगतज्ज्ञ राजेंद्र टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये साधा प्रश्न विचारला: मायोसिन स्नायूपेशीच्या आत असतं, मग हल्ला स्नायूवर व्हायला हवा, पण या तापात ट्रोपोनिन वाढत नाही, म्हणजे स्नायू मरत नाही, मरते ती झडप, जिथे स्नायू जवळजवळ नाहीच. त्यांनी बोट ठेवलं ते झडपेतल्या कोलॅजेनवर आणि जिवाणू त्याला चिकटून ते बदलतो यावर. त्यांचं म्हणणं सर्वांनी मान्य केलेलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की ज्या देशात झडपा इतक्या मोठ्या संख्येने उघडल्या जातात त्या देशातल्या डॉक्टरांनी ते विचारलं.

आता याच सारखेपणाच्या दुसऱ्या आजारासाठी पुण्याकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले. आधी जुलाब, आठ-दहा दिवसांनी पायांत मुंग्या, मग पायरी चढता येईना, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. दोनशेहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. तोवर फक्त डॉक्टरांच्या तोंडी असलेलं 'जीबीएस' हे नाव घरोघरी गेलं. पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा, असे निरोप सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

जीबीएसचं, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचं, नाव १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांवरून पडलं. तिसरे डॉक्टर श्ट्रोल होते, त्यांचं नाव गळालं. पुढे उत्तर चीनमधल्या खेड्यांत दर उन्हाळ्यात लहान मुलं अशीच लुळी पडतात हे अमेरिकी आणि चिनी डॉक्टरांनी मिळून अभ्यासलं, आणि माग दूषित अन्नपाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टरकडे गेला. इथे साम्य प्रथिनाचं नाही, शर्करेचं आहे. आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावर गँग्लिओसाइड नावाचे साखर-चरबीचे रेणू असतात. कॅम्पिलोबॅक्टर स्वतःच्या अंगावर तशीच साखर बांधतो. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी हे दोन रेणू किती सारखे आहेत ते दाखवलं, आणि २००४ मध्ये सशांना जिवाणूचा तो रेणू टोचून त्यांचे पाय लुळे करून दाखवले. इथे डेमियनचं सोंग शब्दशः खरं आहे: अंगावर सियालिक आम्ल या शर्करेचं पांघरूण घेतलं की परका जिवाणू घरचा वाटतो. ज्या थोड्यांच्या बाबतीत सोंग ओळखलं जातं, ते थोडे लुळे पडतात. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या हजारांत साधारण एकाच्या वाट्याला हे येतं.

यात एक तपशील असा आहे की तो वाचून मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ही साखर बांधणारं एक विकर जिवाणूत असतं. त्या विकराच्या माळेत एक्कावन्नावा मणी थ्रिओनिनचा असेल तर जी साखर बनते ती हातापायांच्या तंतूंवरच्या साखरेसारखी असते, आणि माणसाचे हातपाय लुळे पडतात. त्याच जागी ॲस्परजिन असेल तर साखर डोळे फिरवणाऱ्या तंतूंवरच्या साखरेशी मिळतीजुळती होते, आणि माणसाला एकाचे दोन दिसायला लागतात, चालताना तोल जातो. चार्ल्स मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेला तो वेगळा आजार. शनिवारवाड्यातल्या 'ध'चा 'मा' खरोखर कुणी केला की नाही, हे इतिहासकारांनी ठरवावं. जिवाणूच्या या पत्रात मात्र एक अक्षर बदलतं आणि शिक्षा दुसऱ्याच अवयवाला होते.

पुण्यातले बहुतेक रुग्ण बरे झाले. या आजाराचं तसंच आहे. साखरेवरचे हे प्रतिपिंड काही आठवड्यांत ओसरतात, आजार महिन्याभरात कळसाला पोचून उतरायला लागतो. प्लाझ्मा बदलून किंवा इम्युनोग्लोब्युलिनच्या महागड्या बाटल्या देऊन तो उतार लवकर आणता येतो. तरी पाचातला एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही, हे विसरून चालत नाही. आणि घशाच्या तापासारखा हा आजार सहसा पुन्हा पुन्हा येत नाही. एकाच तत्त्वाचे हे दोन आजार, पण एक पाहुण्यासारखा येऊन जातो आणि दुसरा कुळासारखा जमिनीत ठाण मांडतो.

आता थोडं लसींबद्दल. या विषयाला इतिहास आहे आणि अफवाही आहेत. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली होती; मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि मेंदूसकट टोचायचा. लाखो जीव तिने वाचवले. पण टोचलेल्यांपैकी थोड्यांना काही दिवसांनी अर्धांगवायू व्हायचा, मेंदूत दाह व्हायचा. दोष विषाणूचा नव्हता. मेंढीच्या मेंदूतलं मायलिन आणि आपलं मायलिन जवळजवळ एकाच साच्यातलं. माणसाला मेंढीचा मेंदू टोचला की शरीर त्या मेंदूवर उठतं आणि मग स्वतःच्याही. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. याला काटेकोर अर्थाने नक्कल म्हणता येणार नाही, पण सारखेपणाने माणूस लुळा पडू शकतो याचा याहून थेट पुरावा आपल्या देशात दुसरा नसेल, आणि तो आपल्याच पोटांवर उमटला होता.

याच्या उलट बाजूला ते सारखेपण आहे जे फक्त कागदावर असतं. अमिनो आम्लं वीस. पाच मण्यांच्या माळा किती होतील? वीसचा पाचवा घात, म्हणजे ३२ लाख. माणसाच्या वीस हजार प्रथिनांमध्ये मिळून मणी एक कोटीच्या वर आहेत. म्हणजे कुठल्याही जिवाणूच्या प्रथिनातले कुठलेही पाच मणी उचला, ते त्याच क्रमाने माणसात कुठे ना कुठे सापडण्याची शक्यता भरपूर. तेव्हा 'अमुक विषाणूत आणि तमुक मानवी प्रथिनात पाच अक्षरं सारखी' हे वाक्य ऐकून कुणी दचकू नये. कोविडच्या लसींच्या वेळी असंच झालं. स्पाइक प्रथिन आणि वार घडवणारं सिन्सिटिन यांत साम्य आहे, लस घेतली तर मूल होणार नाही, अशी अफवा पसरली. साम्य काही मण्यांचं, योगायोगाइतकंच होतं. अमेरिकेत लाइम रोगाच्या सांधेदुखीबाबत १९९८ मध्ये जिवाणूच्या आणि माणसाच्या एका प्रथिनात साम्य सांगितलं गेलं. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. मात्र त्याच सुमारास बाजारात आलेली लाइमची लस सांधे बिघडवते ही धास्ती टिकली, आणि २००२ मध्ये लस बाजारातून गेली.

गंमत म्हणजे कागदावर न दिसणारं साम्यही खरं असू शकतं. टी-पेशी आख्खं प्रथिन वाचत नाही. तिच्यापुढे दहा-पंधरा मण्यांचा तुकडा येतो आणि त्यातले चार-पाचच तिला खरोखर जाणवतात. काई वुखरफेनिग आणि जॅक स्ट्रोमिंजर यांनी १९९५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांच्या, मायलिनवर उठणाऱ्या टी-पेशी घेतल्या आणि त्यांना जिवाणू-विषाणूंचे १२९ तुकडे दाखवले. आठ तुकड्यांनी त्या जाग्या झाल्या. त्या आठांतला एकच असा होता की जो अक्षरं जुळवून बघणाऱ्याला सापडला असता. बाकीचे पूर्ण वेगळे दिसत होते. ओळख अक्षरांवरून नाही, ढबीवरून पटते. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

याच मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल २०२२ मध्ये दोन मोठी कामं आली. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी माणसांच्या नोंदींवरून दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. दुसऱ्या कामात त्या विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड मेंदूतल्या एका प्रथिनालाही चिकटताना सापडले. दोन्ही दुवे एकाच दिशेने बोट दाखवतात. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या अंगात असतो, आणि आजार हजारोंतल्या एखाद्याला. शंभरातले ते तीन पुन्हा समोर येऊन उभे राहतात, आता आणखी विरळ होऊन. या भागावरचं लेखिकेचं प्रकरण पुस्तकातलं सर्वांत लांब आहे आणि मला ते सर्वांत कमी पटलं. वाचकांनी स्वतः ठरवावं.

शेवटचं प्रकरण घशातल्या जिवाणूच्या लसीवर आहे. पेनिसिलिनला हा जिवाणू आजही दाद देतो, इतक्या वर्षांत तो त्याला तोंड द्यायला शिकलेला नाही. तरी लस नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ऱ्हुमॅटिक ताप झालेल्या मुलांच्या २१ निरोगी भावंडांना एम प्रथिनाची लस दिली गेली. त्यांतल्या तिघांना ऱ्हुमॅटिक ताप आला. लसीमुळेच आला का, यावर वाद झाले. पण १९७९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा लसींवर बंदी घातली आणि ती उठायला पाव शतक गेलं. आज जे प्रयत्न चालू आहेत त्यांत दोरीचा मधला, आपल्यासारखा पीळ टाळून फक्त टोकाचे तुकडे किंवा बुडाकडचा न बदलणारा भाग वापरतात. एकीकडे टोकाची दोनशे रूपं, दुसरीकडे साम्याची भीती, आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून वाट काढायची आहे.

तोपर्यंत जे आहे ते आहे. घसा पुन्हा बिघडू नये म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिन, दर २१ दिवसांनी, कमरेत, वर्षानुवर्षं. दाट, दुधट औषध. सुई जाड लागते, तो पाय दिवसभर ओढत चालावा लागतो. चाळीतल्या ताईच्या झडपेचं पुढे ऑपरेशन झालं, तिचं लग्न झालं, ती डोंबिवलीला गेली. माहेरी आली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभी राहून बोटं मोजायची. एकवीस दिवसांनी वार तोच येतो, म्हणून तिचा दिवस कधी चुकला नाही. तिच्यासाठी तो नेहमी मंगळवार असायचा, आणि तिची आई त्या मंगळवारभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवायची.